दोनदा वजाबाकी

"पोहे की उप्पीट?" बसप्पाने विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता तो पुढच्या टेबलाकडे वळला. आठल्ये साहेबांचं ठरेपर्यंत बाकीच्या चौघांचं खाऊन होतं, हे कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

"उप्पीट संपत आलं असेल तर पोहे द्या," हेरंब आठल्ये शेवटी म्हणाला. "पण पोह्यांनाच मागणी जास्त असेल तर..."

"साहेब, दोन्ही ढीगभर हाय. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा की!"

"तेच बघतोय."

समोर बसलेल्या डॉक्टर शलाका मगदूम हसल्या. "बसप्पा, यांना निम्मं निम्मं दे. नाहीतर विलीनीकरण होऊन जाईल आणि हे इथंच बसलेले असतील."

टेबलावरचे सगळे हसले, पण ते हसू लवकर संपलं. त्या वर्षी विलीनीकरण या शब्दाला फार वेळ हसता येत नसे. हरिपूरजवळ, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथून थोड्या अंतरावर ही संगम जैववैद्यक संस्था होती. ती आणि आणखी दोन संस्था मिळून पुण्यात एकच मोठी संस्था करायचं वरून ठरलं होतं. तिघींचे मिळून साठ प्रकल्प होते. त्यांतले वीस ठेवायचे होते. बाकीच्या चाळीसांचं काय करायचं, यासाठी परिपत्रकात 'सन्मानपूर्वक समाप्ती' असा शब्दप्रयोग केलेला होता.

हेरंब संस्थेचा संख्याशास्त्रज्ञ होता. प्रत्येक प्रकल्पाचे आकडे कधी ना कधी त्याच्या हाताखालून जात. घरात आणि कँटीनमध्ये तो कितीही रेंगाळला, तरी दुसऱ्यांच्या आकड्यांबद्दल त्याचं मत चटकन तयार होई. बारीक आवाजात, खाली बघत, पण चटकन. "हे टिकणार नाही," असं तो म्हणाला की लोक रागावत आणि सहा महिन्यांनी गुपचूप येऊन कबूल करत.

शलाकाताईंचा प्रकल्प साठांमध्ये सगळ्यांत लहान म्हणावा असा होता. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. त्यांना फेज म्हणतात. नदीत, विहिरीत, गटारात, जिथे जिवाणू आहेत तिथे तेही असतात. प्रत्येक फेज एकाच जातीच्या जिवाणूचा वैरी असतो. माणसाला तो काही करत नाही. ज्यांच्या शरीरातल्या जंतूंवर आता कुठलंच प्रतिजैविक चालत नाही अशा रुग्णांसाठी शलाकाताई त्या त्या जंतूचा नेमका वैरी शोधून काढत. अडचण एवढीच होती, की जंतूही गप्प बसत नाही. काही महिन्यांत तो आपल्या दाराचं कुलूप बदलतो आणि जुना फेज बाहेरच राहतो. मग पुन्हा पाणी गोळा करायचं, पुन्हा शोधायचं. हे औषध कपाटात भरून ठेवता येत नाही. शोध चालू आहे तोवरच ते औषध असतं. चौदा रुग्ण या शोधावर जगत होते.

त्यांतली एक हेरंबची बायको, ऋजुता.

*

पुण्याहून आलेला विलीनीकरण अधिकारी अद्वैत रणपिसे हा पस्तिशीचा, नम्र, स्वच्छ बोलणारा मुलगा होता. त्याचा राग येणं अवघड होतं. सभागृहात त्याने एक छोटासा तराजू आणला होता, जुन्या वाण्याकडे असतो तसा.

"अहवाल सगळेच छान लिहितात," तो म्हणाला. "आकडे कसे सजवायचे हेही सगळ्यांना येतं. म्हणून आम्ही यंत्राला आकडे विचारलेच नाहीत. यंत्र तुम्हाला विचारणार."

त्याने एका पारड्यात किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात पन्नास ग्रॅमचं. काटा खटकन पडला. मग त्याने दोन्हीकडे जवळजवळ सारखी वजनं ठेवली. काटा डोलत राहिला, डोलत राहिला आणि कितीतरी वेळाने एका बाजूला कलला.

"माणसाचा मेंदू असाच आहे. दोन गोष्टींत निवड करायची असली की तो दोन्ही बाजूंचा पुरावा थोडा थोडा गोळा करत जातो. एक बाजू जड असली की उत्तर लगेच येतं, सारख्या असल्या की उशिरा. म्हणजे उत्तराला लागलेला वेळ हेच वजन. माणूस तोंडाने काहीही सांगेल. वेळ खोटं बोलत नाही."

यंत्राचं नाव 'तुला', म्हणजे तराजू. काचेच्या खोलीत बसायचं, पडद्यावर दोन प्रकल्प दिसणार, डावं किंवा उजवं बटण दाबायचं. डोळ्यांवर कॅमेरा असतो, त्यामुळे वाचायला लागलेला वेळ वेगळा काढला जातो. आधी पेरू की केळं असले साधे प्रश्न विचारून ज्याचा त्याचा स्वभावही मोजून ठेवलेला असतो. मुळातच संथ माणसावर अन्याय होत नाही. स्वतःच्या प्रकल्पावर कुणी मत द्यायचं नाही. आणि एखादा प्रकल्प जो जास्त जवळून ओळखतो, त्याच्या मताला त्या प्रकल्पावर जास्त किंमत.

प्रश्नोत्तरं संपत आली तेव्हा हेरंबने हात वर केला, खाली घेतला आणि पुन्हा वर केला.

"माझी पत्नी... फेज प्रकल्पात रुग्ण आहे. मी बसणं योग्य होणार नाही."

"सर, तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत," अद्वैत म्हणाला. "पण तो प्रकल्प शलाका मॅडमच्या खालोखाल तुम्हीच ओळखता. तुम्ही नाही बसलात तर त्याच्या बाजूने बोलणारं जाणकार कुणी उरत नाही. काळजी करू नका. नवऱ्याचा ओढा किती असतो हे तुलाला शिकवलेलं आहे. ती तेवढा वजा करते."

हेरंब मान हलवून खाली बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "आठल्ये, दाबा आता बिनधास्त." तो हसला नाही.

*

"म्हणजे माझ्यावर आता मतदान?" ऋजुता म्हणाली. नेब्युलायझरची नळी तोंडातून काढून तिने ती रुमालाने पुसली. "कधी आहे? साडी कुठली नेसू?"

"तुझ्यावर नाही. प्रकल्पावर."

"तेच ते."

ती शाळेत भूगोल शिकवायची, दम पुरत होता तोवर. फुप्फुसातला हा जंतू तिच्याकडे सहा वर्षं ठाण मांडून होता आणि तिने त्याला घरातल्या न हलणाऱ्या पाहुण्यासारखं वागवायचं ठरवलं होतं. तिच्यासाठी सापडलेल्या फेजांना तिने आडनावं दिली होती. पहिला मिरजेतल्या एका गटारात सापडला, तो गटारे. दुसरा ओढ्यातला, तो ओढे. सध्याचा संगमावरच्या पाण्यातला होता, तो हरिपुरे. "तिघांत हाच घरंदाज," ती म्हणे. रुग्णांच्या घरच्यांनी जमेल तिथलं पाणी बाटलीत भरून आणायचं, अशी शलाकाताईंकडची पद्धत होती. दर रविवारी हेरंब सायकल काढून जाई. बाटल्यांवर गावाची नावं ऋजुता लिही, नकाशावर लिहावीत तशी, ठळक आणि तिरपी.

"मग दाबशील ना बटण?" तिने विचारलं.

"मला आधी नीट विचार..."

"झालं!" ती खोकत हसली. "बघायला येऊन गेलास आणि महिनाभर पत्ता नाही. आई म्हणाली, मुलाला मुलगी पसंत नसणार, तोंडावर सांगवत नसेल. बाबांनी कोल्हापूरच्या एका इंजिनिअरला पत्रिकासुद्धा पाठवली. आणि मग हा दारात उभा, हातात भडंगाची पिशवी. म्हणे, माझा होकार आहे, तुमचा अजून असेल तर."

"तुझा होता."

"माझा पहिल्याच दिवशी होता. कांदेपोह्यांतला कांदा तू बाजूला काढलास आणि मग कुणाला वाईट वाटेल म्हणून परत खाल्लास, तेव्हाच."

ही गोष्ट ती वर्षातून चार-पाच वेळा सांगायची. हेरंबला ती दर वेळी नव्याने आवडायची.

*

काचेच्या खोलीत थंड होतं. पहिल्या काही जोड्या सहज गेल्या. हळदीतल्या बुरशीची चाचणी की द्राक्षांच्या बियांचा अर्क: डावं. दोन्हींचे आकडे त्याला पाठ होते. बटण दाबताना त्याला स्वतःच्या वेगाचं थोडं आश्चर्यही वाटलं.

मग पडद्यावर डावीकडे फेज प्रकल्प आला. उजवीकडे रक्त साठवण्याच्या नव्या पिशव्या.

त्याचं बोट डाव्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. हे मी निवडतोय की ऋजूचा नवरा? पिशव्यांचा उपयोग हजारोंना. फेजचा चौदा जणांना. पण पुढे, शोधाची पद्धत पक्की झाली, तर लाखोंना. हे 'पुढे' खरं आहे की मला हवं आहे म्हणून खरं वाटतंय? ऋजूला काही नसतं तर मी काय दाबलं असतं? त्याने ऋजूला मनातून बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. मनातल्या मनात तिला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं, दार लावलं, परत आला आणि नुसत्या आकड्यांकडे पाहिलं. आकडे तरीही फेजच्या बाजूने होते. ते त्याने पुन्हा एकदा तपासले. मग डावं बटण दाबलं.

फेज जितक्या वेळा आला तितक्या वेळा त्याने हेच केलं. दर वेळी तिला उठवून बाहेर नेलं, दर वेळी दार लावलं. दर वेळी शेवटी त्याने फेजच निवडला. बाहेर आला तेव्हा त्याला घाम आला होता, पण मन स्वच्छ होतं. आपण पक्षपात केला नाही आणि तरीही ऋजू जिंकली, असं त्याला वाटलं. आयुष्यात क्वचितच त्याला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं असेल.

*

यादी लागली तेव्हा फेज प्रकल्प पंचविसावा होता. वीसच्या खाली लाल रेघ होती.

शलाकाताई त्याच्या खोलीत आल्या आणि दार लावून उभ्या राहिल्या. प्रत्येक प्रकल्पप्रमुखाला क्रम कसा ठरला याचा खुलासा मिळत असे. त्यांनी तो टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला.

"आठल्ये, तुमची दोन प्रकल्पांमधली निवड साधारण दोन सेकंदांत होते. फेज आला की नऊ. दर वेळी. का हो?"

"मी... मी फेजच निवडला, शलाकाताई. प्रत्येक वेळी."

"माहीत आहे. पण यंत्र म्हणतं, 'प्रकल्पाच्या सर्वांत जवळच्या जाणकाराला तो इतरांपेक्षा किंचितच बरा वाटतो.' आणि वर आणखी तुमचा नवरेपणा वजा केलाय. मग उरलं काय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी इथं बावीस वर्षं गटारं उपसली. मला वाटलं, एक माणूस तरी डोळे झाकून बटण दाबेल."

तेव्हा हेरंबच्या लक्षात आलं. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वहीत त्याला ती चूक लगेच दिसली असती. जे एकदा वजा करायचं, ते दोनदा वजा झालं होतं. ऋजूला त्याने स्वतः बाहेर नेऊन बसवलं होतं. यंत्राने आत येऊन, ती तिथेच आहे असं धरून, तिला पुन्हा एकदा बाहेर काढलं होतं.

तो तसाच अद्वैतकडे गेला. अद्वैतने सगळं शांतपणे ऐकलं, टिपणही घेतलं.

"सर, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण वजाबाकी सगळ्यांचीच केलेली आहे. एकाची मागे घेतली तर उद्या साठही प्रकल्पांची माणसं येतील."

"मग माझी मतंच काढून टाका."

"काढली तर प्रकल्प एकतिसावा जातो. बघितलं मी." तो खरोखरच अवघडला होता. "नियमात एक सोय आहे. रेघेच्या जवळच्या प्रकल्पासाठी एका जाणकाराचं पुनर्तोलन करता येतं. एकदाच. पंधरवड्याने. सर... या वेळी फक्त लगेच दाबा. जे मनात आहे ते."

*

ऋजुताला ते शलाकाताईंच्या फोनवरून आधीच कळलं होतं. तो घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून शेंगा सोलत होती.

"नऊ सेकंद?" ती म्हणाली.

"ऋजू, मी तुला बाजूला ठेवून..."

"नऊ सेकंद, हेरंब."

तो उभाच राहिला. ती आता हसेल, पत्रिकेची आणि भडंगाची गोष्ट काढेल, अशी त्याने वाट पाहिली. तिने शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, पुढची शेंग घेतली. तिने ती गोष्ट काढली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही.

आठवड्याने एका सकाळी, तो दाढी करत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"चहा की कॉफी?"

"अं? दूध किती आहे त्यावर..."

"चूक. लगेच सांगायचं. चहा की कॉफी?"

"चहा."

"पंखा चालू की बंद?"

"बंद... म्हणजे तुला जर..."

"चूक!"

अशी शिकवणी सुरू झाली. ती शाळेतल्या बाईंसारखी त्याला शिकवत होती, हातात लाटणं घेऊन. लाल की निळा. सांगली की मिरज. आई की बाबा. तो चुकला की लाटणं ओट्यावर आपटायचं. हळूहळू तो सुधारला. तिला धाप लागेपर्यंत ती प्रश्न विचारायची आणि धाप लागली की बोटाने खुणावून त्याला पुढचे प्रश्न स्वतःचे स्वतःला विचारायला लावायची. आता दोघंही हसू लागली होती. एकदा तिने मध्येच विचारलं, "मी की आणखी कोणी?"

"तू," तो ताडकन म्हणाला.

तिने लाटणं खाली ठेवलं. "बघ," ती म्हणाली. "येतं की."

ती जगायला घाबरत नव्हती, मरायला घाबरत होती. इतकं साधं होतं ते. एवढी वर्षं तिने ते आडनावांत आणि विनोदांत गुंडाळून ठेवलं होतं. त्या पंधरवड्यात ते त्याला उघडं दिसलं.

*

पुनर्तोलनात फेजसमोर पाच प्रकल्प येणार होते, रेघेच्या आसपासचे. पहिला आला. हेरंबने विचार केला नाही. लाटण्याचा आवाज आठवला आणि बटण दाबलं. दुसरा. दाबलं. तिसरा, चौथा. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. काचेपलीकडे अद्वैतने कळेल न कळेल अशी मान हलवली.

पाचव्या वेळी उजवीकडे विसाव्या क्रमांकाचा प्रकल्प आला. सापाच्या विषावरची नवी लस, थंड पेटीशिवाय टिकणारी, उसाच्या फडावर नेता येईल अशी.

त्या प्रकल्पाचे आकडे गेल्या वर्षी त्यानेच तपासले होते. वयाच्या रकान्यात एके ठिकाणी ओळीने चार, पाच, चार, सहा असं लिहिलेलं पाहून त्याला वाटलं होतं की टंकणाऱ्याची चूक झाली. त्याने फोन करून विचारलं. चूक नव्हती. ऊस तोडणाऱ्या बायका पोरांना पाचटावर झोपवतात, पलीकडून आवाज म्हणाला होता, आणि पाचटाखाली साप असतो.

त्याने लाटणं आठवायचा प्रयत्न केला. ऋजूचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तो लगेच समोर आला, घामेजलेला, नळी तोंडात धरलेला. हे बटण दाबलं तर फेज वर जाईल आणि विसाव्या जागेवरून ती लस खाली घसरेल. फक्त एक जागा होती. त्याचं बोट डाव्या बटणावरच होतं. ते कुठेही हललं नाही. पण खालीही गेलं नाही.

काचेपलीकडे अद्वैतने डोळे मिटून घेतले.

मग हेरंबने डावं बटण दाबलं. दाबलं हे नक्की. किती वेळाने, ते त्याने विचारलं नाही.

घरी ती गॅलरीत बसली होती. पायरीवर त्याची चाहूल लागताच तिने मान वळवली.

"काय झालं? शेवटपर्यंत लगेच दाबलंस?"

"लगेच," हेरंब म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"इतक्या लगेच तू आयुष्यात कधी उत्तर दिलं नाहीस," ती म्हणाली.

तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. तो बसला.

"कोण होतं समोर?"

"सापाची लस. ऊसतोड्यांची पोरं."

"मग मीही थांबले असते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, "नाही. खोटं कशाला बोलू? मी दाबलं असतं."

*

फेज प्रकल्प एकविसावा आला. समाप्ती खरोखर सन्मानपूर्वक झाली. शलाकाताईंना शाल दिली आणि पुण्याला दुसऱ्या प्रकल्पावर पाठवलं. जाण्यापूर्वी त्यांनी हरिपुरेचा उरलेला साठा स्वतःच्या हाताने ऋजुताकडे आणून दिला. "पुढचा सापडेल कुठंतरी," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने जिना उतरून गेल्या. प्रयोगशाळेला हस्तांतराचं कुलूप लागलं.

दिवाळीनंतर जंतूने हरिपुरेसाठीही दार बंद केलं.

हेरंब रविवारी सायकल काढतच राहिला. ओढे, पाझर तलाव, कारखान्यामागचं डबकं. आणि ऋजुता बाटल्यांवर नावं लिहीतच राहिली, आता अंथरुणात बसून, हात थरथरायचा तरी अक्षर तिरपं आणि ठळक. त्या बाटल्या तपासणार कोण, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. गॅलरीच्या कठड्याखाली त्यांची रांग वाढत गेली. उन्हं आली की पाण्याचे कवडसे छताला हलत आणि ती पडल्या पडल्या ते बघत राही. त्यांतल्या एखाद्या बाटलीत चौथा असेलही.

दवाखान्यात, एका दुपारी, तिने मास्क थोडा बाजूला केला.

"तो महिनाभर... काय विचार करत होतास रे?"

"कधी?"

"बघून गेलास तेव्हा. मी कधी विचारलंच नाही. मी नुसती हसायची."

हेरंब विचार करू लागला. ती वाट बघत होती. नर्स येऊन सलाइन बदलून गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा येऊन संत्रं सोलून देऊन गेला.

"तू पसंत होतीस," तो शेवटी म्हणाला. "ते तिथेच, बघताक्षणी झालं होतं. मी हो म्हटलं तर तुझं नुकसान होईल का, ते बघत होतो."

ती हसली. हसण्याने खोकला आला, खोकल्याने डोळ्यांत पाणी, आणि त्यातून ती पुन्हा हसली. "महिनाभर?"

"ते मला अजूनही नक्की ठरवता आलेलं नाही."

तिने त्याचं बोट धरलं, उजव्या हाताचं, बटणाचं. "नऊ सेकंद," ती म्हणाली, पण या वेळी तिने ते जुन्या गोष्टीच्या सुरात म्हटलं, पत्रिका आणि भडंगाच्या सुरात. मग मास्क लावून घेतला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती गेली.

*

मार्चमध्ये नव्या संस्थेने वीसांतून बारा निवडायचं ठरवलं. अद्वैत पुन्हा आला. त्याने हेरंबला नमस्कार केला, काही बोलू पाहिलं आणि ते न जमून कामाचंच बोलला. तुम्ही नाही बसलात तरी चालेल, असंही म्हणाला. हेरंब बसला.

संध्याकाळी अद्वैत कँटीनमध्ये त्याला शोधत आला.

"सर, तुम्हाला सांगायला हवं म्हणून आलो. तुमची उत्तरं या वेळी फार स्वच्छ आली. सगळी एका सेकंदाच्या आत. इतका खात्रीचा जाणकार तुलाला तिन्ही संस्थांत दुसरा मिळालेला नाही. तुमच्या मताला आता सगळ्यांत जास्त किंमत आहे."

"बरं," हेरंब म्हणाला.

अद्वैत गेला. बसप्पा फडकं खांद्यावर टाकून आला.

"साहेब, पोहे की..."

"उप्पीट."

सवयीने पुढच्या टेबलाकडे निघालेला बसप्पा दोन पावलांवर थबकला. त्याने मागे वळून बघितलं. हेरंब टेबलाकडे बघत बसला होता, दोन्ही हात मांडीवर.

बसप्पा परत आला. समोरची खुर्ची ओढून, गिऱ्हाइकासमोर आजवर कधी बसला नव्हता तो, खाली बसला.

"असं नाही, साहेब," तो हळूच म्हणाला. "परत विचारतो. पोहे की उप्पीट?"

आणि तो थांबून राहिला. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी दोनदा हाक मारली. तो उठला नाही.